बैठक वाशीची, खुर्ची रत्नागिरीतली

वाशीचे व्यापारी आणि पुण्याचे पॅकिंगवाले यांच्याबरोबरची हंगामाच्या हिशोबाची बैठक आज आमच्या आमरसाच्या कारखान्यातूनच कॉन्फरन्स कॉलवर पार पडली. एरवी यासाठी रात्रीची गाडी पकडून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करावा लागतो, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक लागू असल्यामुळे, दरडींच्या धोक्यापायी गाड्यांचा वेगही कमी ठेवलेला असल्यामुळे, तासाभराच्या बोलण्यासाठी दोन दिवस सहज खर्ची पडतात.

मध्येच वीज गेली; राऊटर इन्व्हर्टरवर होता म्हणून निभावले. झूमच्या फुकट खात्याला असलेली 40 मिनिटांची मर्यादा मला तर वरदानच वाटते, कारण एरवी चहा आणि ख्यालीखुशालीत रेंगाळणारी मंडळी आज थेट दरावर आली. समोर एकच एक्सेलचा तक्ता उघडा असल्याने उधारीचे जुने आकडेही वाद न होता जुळले.

मालाची पारख मात्र पडद्यावर होत नाही. रसाचा ब्रिक्स, म्हणजे त्यातल्या साखरेचे प्रमाण, आकड्यात सांगता येतो. हापूसचा वास आणि डबा उघडताच दिसणारा केशरी रंग कॅमेऱ्यातून पोहोचत नाही, आणि नव्या गिऱ्हाईकाशी पहिला व्यवहार तर समोरासमोर बसूनच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या गिऱ्हाईकांसाठी यापुढे नमुन्याचे डबे आधी कुरिअरने पाठवायचे आणि ते त्यांच्या हाती पडल्यावरच कॉल लावायचा, असे ठरले आहे.