हॉगलची नजर आणि फोमची बाहुली

जिम हेन्सनचा 'लॅबिरिंथ' (१९८६) हा चित्रपट पुन्हा पाहताना गोष्ट बाजूला ठेवा आणि त्यातल्या हॉगल या बुटक्या बाहुली-पात्राकडे बघा. पोशाखाच्या आत शॅरी वाइझर. चेहऱ्यात १८ मोटरी, त्या रिमोटवर चालवणारे चौघे बाहेर. त्यांतल्याच ब्रायन हेन्सनचा आवाज. सुरुवातीचं संगणकावरचं घुबड आज जुनाट दिसतं, हॉगल नाही. तो सेटवर, त्याच उजेडात उभा आहे आणि नायिका जेनिफर कॉनेली थेट त्याच्या डोळ्यांत बघून बोलते. सगळं यश त्या नजरेत आहे. रामदास पाध्यांच्या तात्या विंचूवर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला तर बाहुलीची नजर चुकली की लगेच कळतं.

ठाण्यातल्या सोसायट्यांत गणपतीच्या कार्यक्रमासाठी मुलांसोबत अशी बोलकी बाहुली सहज करता येते. गादीवाल्याकडून १२ मिमी फोम आणा. ६० × ३० सेंमीची पट्टी कापून वरच्या कडेला चार पाकळ्या काढा: प्रत्येकी १५ सेंमी रुंद, १२ सेंमी उंच, कडा बाहेर फुगलेल्या. सरळ कापल्या तर डोकं शंकूसारखं टोकदार होतं. पांढरा फेव्हिकॉल नको. तो फोममध्ये मुरून कडक होतो आणि जोड तडकतो. रबरी सोल्युशन दोन्ही कडांना लावा, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबा. एरवी दहाएक मिनिटं पुरतात, खाडीकाठच्या पावसाळी हवेत जास्त. खिडक्या उघड्या हव्यात, जवळपास समई-निरांजन नको. तोंडासाठी जाड पुठ्ठ्याचे दोन अर्धगोल कापडी टेपने सैलसर जोडा. बिजागरी घट्ट झाली तर मनगट भरून येतं.

डोळे म्हणजे टेबल टेनिसच्या चेंडूचे दोन अर्धे भाग. बुबुळं किंचित नाकाकडे रंगवा. बरोबर मध्यभागी असली तर बाहुली कुणाकडेच बघत नाही.

बोलताना अंगठा खाली न्यायचा, बोटं वर नाही. नाहीतर प्रत्येक शब्दाला डोकं मागे पडतं. 'चला जाऊ' म्हणताना तोंड चारदा उघडतं, शेवटी मिटतं. हात दमला की मनगट सरळ होतं आणि बाहुली छताकडे बघू लागते, म्हणून मनगट मुद्दाम पुढे वाकवून ठेवा. सोबतच्या नटानेही बाहुलीकडेच बघायचं, चालवणाऱ्याकडे नाही. तालमीत समोर मोबाइल सेल्फी कॅमेऱ्यावर लावून ठेवा. 'लॅबिरिंथ'मधल्याच लुडो या राक्षसाच्या अवजड पोशाखातल्या कलाकारालाही बाहेरचं दिसायचं ते आतल्या छोट्या मॉनिटरवरच.