लीडरशिप शिकवायची तर आधी खुर्च्या लावायला द्या

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी शिकवतो आणि मुलांच्या लीडरशिप प्रोग्रामचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी आम्ही तीन दिवसांचं शिबिर घेतलं, बाहेरून वक्ते बोलावले, पीपीटी झाली, सर्टिफिकेटं दिली. मुलं खूष, मी पण खूष. पण दोन महिन्यांनी गॅदरिंगचं काम अंगावर घ्यायला शिबिरातलं एकही पोर पुढे आलं नाही, आणि ते मला खूप लागलं.

मग जत्रेला गावी गेलो होतो तेव्हा नाटकाची तालीम बघत बसलो. आपल्याकडे जत्रेला मराठी नाटक होतंच, आणि वीस-बावीस वर्षांची पोरं वर्गणी, लाइटवाल्याचा अ‍ॅडव्हान्स, मेकअपवाला, पडदे सगळं सांभाळतात, ऐन वेळी कुणाला ताप आला तर दुसऱ्याला उभा करतात. त्यांना हे कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नसतं. आधी खुर्च्या लावल्या, मग दोन वर्षं प्रॉम्प्टिंग केलं, मग हिशेबाची वही हातात आली.

तीच पायरी आता आम्ही कॉलेजात आणलीय. एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, दोन वर्षांत २४० तास असतात, तसंच आम्हीही काम वर्षभर पसरवलं, तीन दिवसांत कोंबलं नाही. पहिल्या सेमिस्टरला फक्त हाताखालचं काम, दुसऱ्याला एक अख्खा कार्यक्रम स्वतःचा, पैशांसकट, बिलांसकट. निवडताना मार्क बघत नाही, घरी-गावात काय केलंस ते विचारतो, भजनात पेटी वाजवणारा आणि आईच्या दुकानाचा हिशेब बघणारी, दोघंही चालतात.

मीटिंग कधी घ्यायची हा सगळ्यात मोठा प्रश्न, कारण आतल्या गावांना संध्याकाळची बस चुकली की संपलं, आणि आधी मुली गळतात. म्हणून मधल्या सुट्टीतच बसतो. बसचा विषय निघाला की मी १९७८-७९ चं आंदोलन सांगतो, गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी बसभाड्यात ५० टक्के सवलत मागितली आणि मिळवली. ती पोरं यांच्याच वयाची होती, हे ऐकून वर्ग एकदम शांत होतो.

एक रविवार ग्रामसभेचा. आपापल्या गावच्या ग्रामसभेला जायचं, बसून ऐकायचं, जमलं तर एक प्रश्न विचारायचा. १८ ला मत आणि २१ ला पंचायतीची निवडणूक लढवता येते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आणि शिक्षकांनी मध्ये पडायचं नाही, हे मला सगळ्यात जड गेलं. गेल्या वर्षी एका टीमने रक्तदान शिबिर ठेवलं ते नेमकं इंटर्नलच्या आठवड्यात, मला तारीख बघताच कळलं होतं, तरी गप्प राहिलो. मोजकीच मुलं आली. नंतर सगळे गोल करून बसलो, काय झालं, का झालं, आता काय करायचं, एवढंच बोललो, ओरडलो नाही. त्या टीमची प्रमुख मुलगी त्या दिवशी रडली. तिनेच पुढच्या वेळी आधी ऑफिसातून परीक्षेचं टाइमटेबल आणलं, मग प्रत्येक वर्गात जाऊन नावं लिहून घेतली, आणि त्या सकाळी मी पोचलो तेव्हा ती ज्युनियर मुलांना खुर्च्या कुठे लावायच्या ते दाखवत होती.