चांदीची साथ

अँटिबायोटिकला चांदीची साथ दिली तर जंतू जास्त मरतात का, हे आम्ही पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये तपासतो. सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराच्या द्रावणात कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क घातला की द्रावण हळूहळू काळ्या चहासारखं तपकिरी होतं. झाले चांदीचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण! मग ई. कोलाय हे जिवाणू पसरलेल्या आगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) औषध लावलेल्या चकत्या ठेवायच्या: नुसतं अँटिबायोटिक, नुसती चांदी, दोन्ही मिळून. रात्रभर ३७ अंशांवर. सकाळी प्लेट उजेडाशी धरून चकत्यांभोवतीची, जिवाणू न वाढलेली वर्तुळं पट्टीने मोजायची. मिश्रणाचं मोठं दिसलं की मंडळींना लगेच छापलेला शोधनिबंध दिसू लागतो. मी म्हणते, आधी एमआयसी काढा, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा. नॅनोकण आगारमध्ये धड पसरत नाहीत, म्हणून नुसत्या वर्तुळावर भरवसा नको. मला आवडतं ते बोस्टनचं २०१३ मधलं काम: चांदीच्या आयनांनी (विद्युतभारित अणूंनी) ई. कोलायचं बाह्य आवरण सैल केलं आणि एरवी बाहेरच अडणारं व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक आत शिरलं. पण जास्त चांदी आपल्या पेशींनाही सोडत नाही. आणि हो आत्या, चांदीच्या वाटीतलं पाणी म्हणजे हे औषध नव्हे!