घरच्या पोर्चमध्ये बदललेला हाय प्रेशर पंप

पेट्रोलचा वास मला प्रथम आला तो टाकीजवळ किंवा एखाद्या पाइपाजवळ नव्हे, तर इंजिन ऑइल तपासण्याच्या डिपस्टिकला. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही जवळजवळ बोटभर वर गेली होती आणि ऑइल हाताला पाण्यासारखे पातळ लागत होते. ऑइल कमी होणे मला ठाऊक होते; आपोआप वाढणारे ऑइल मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गाडी २०१२ सालची, सेकंड हँड घेतलेली, १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची सेडान आहे. त्याआधीचे तीन आठवडे ती कुरकुरत होतीच. सकाळी थंड इंजिन एका झटक्यात सुरू होई, पण कोल्हापूरच्या बाजारात दहा मिनिटे थांबून पुन्हा किल्ली फिरवली की स्टार्टर चार-पाच सेकंद नुसताच फिरत राही. नंतर एका रविवारी पन्हाळ्याच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, गाडीचा पिकअप कोणीतरी मागून धरून ठेवावा तसा गेला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि उरलेला चढ आम्ही बैलगाडीच्या वेगाने पूर्ण केला. एका गॅरेजमध्ये विचारले, तेव्हा पंप, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) आणि रेल (इंजेक्टरांना दाबाखालचे पेट्रोल पुरवणारी नळी) असे सगळेच बदलावे लागेल, असा अंदाज मिळाला. त्यासाठी सांगितलेल्या रकमेत एक बरी जुनी मोटारसायकल आली असती. मी एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो, त्यामुळे पाना हातात धरण्याची भीती नाही. पण पेट्रोलच्या उच्च दाबाची लाइन मी कधी उघडली नव्हती, आणि म्हणून हात घालण्यापूर्वी दोन आठवडे फक्त वाचन आणि मोजमाप केले.

ज्यांची गाडी थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेतच फवारले जाते आणि त्यासाठी तीन-चार बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) पुरतात. माझ्या इंजिनात टाकीतला विजेचा पंप सुमारे ५ बार दाबाने पेट्रोल पुढे पाठवतो आणि सिलिंडर हेडच्या टोकाला बसवलेला दुसरा, यांत्रिक पंप तोच दाब गरजेप्रमाणे ४० ते १५० बारपर्यंत चढवतो. या पंपात एकच प्लंजर, म्हणजे दट्ट्या असतो आणि त्याला कॅमशाफ्टवरचा चार उंचवट्यांचा कॅम एका रोलर टॅपेटमार्फत (मध्ये बसणाऱ्या, रोलर असलेल्या सरकत्या तुकड्यामार्फत) ढकलतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने इंजिन ३००० आरपीएमवर असताना हा प्लंजर मिनिटाला ६००० वेळा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा खाली-वर होतो. असल्या गाड्या उभ्या असताना बॉनेटखालून जी टिकटिक ऐकू येते आणि ज्यामुळे नवे मालक घाबरतात, ती बहुतेक वेळा या पंपाची आणि इंजेक्टरांची असते. प्लंजरच्या खालच्या बाजूला एक सील असते, ज्याच्या वर पेट्रोल आणि खाली इंजिन ऑइल असते. ते सील हरले की पेट्रोल गुपचूप ऑइलमध्ये उतरू लागते.

गाडीच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरने पी ००८७ हा बिघाडाचा कोड दाखवला, म्हणजे रेलमधला दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि पंप मागवतात. कोड फक्त दाब कमी असल्याचे सांगतो, पंप खराब असल्याचे नाही. चोंदलेला फिल्टर, थकलेला टाकीतला पंप, खोटे बोलणारा सेन्सर किंवा गळका इंजेक्टर यांपैकी कोणीही तोच कोड आणू शकतो. म्हणून मी प्रथम फिल्टर बदलला, आणि फरक पडला नाही. मग ओळखीच्या एका फिटरकडून गेज आणून कमी दाबाच्या बाजूला लावला. इंजिनाला रेस दिली तरी काटा ५ बारच्या आसपास स्थिर राहिला, म्हणजे टाकीतला पंप निर्दोष सुटला. चारही प्लग काढून पाहिले, तर सगळ्यांचा रंग सारखाच विटकरी होता. एखादा इंजेक्टर ठिबकत असता तर त्याच्या सिलिंडरचा प्लग काळा आणि ओला निघण्याची शक्यता अधिक होती. शेवटी धाकट्या भावाला गाडी चालवायला देऊन मी स्कॅनर मांडीवर घेऊन बसलो. चढावर संगणक ११० बार मागत होता आणि रेलमध्ये ५० ते ६० बारच्या पुढे काही जात नव्हते. कमी पडणारा दाब आणि ऑइलमधले पेट्रोल ही दोन्ही लक्षणे एकत्र ठेवल्यावर माझा संशय पंपावर पक्का झाला.

शेजाऱ्यांचे मत मात्र असे होते की, हा सगळा २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा प्रताप आहे. आमच्या जिल्ह्यात उसावर आणि साखर कारखान्यांवर निम्मे संसार चालतात, त्यामुळे या विषयावर प्रत्येकाकडे ठाम मत असते, आणि तेही दोन्ही बाजूंनी. माझी गाडी त्या मिश्रणाच्या आधीच्या काळातली आहे हे खरे; परंतु सव्वा लाख किलोमीटर पळालेल्या पंपाचे सील केवळ वयानेही जाऊ शकते, तेव्हा मी तो वाद तिथेच सोडला.

पंप मागवताना क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत जुळणी करावी लागते, कारण कंपनी सुधारणा करते तेव्हा पुष्कळदा फक्त शेवटचे अक्षर बदलते. पंपासोबत नवी ओ-रिंग आणि नवे बोल्ट मागवले. उच्च दाबाचा पोलादी पाइपही नवा घ्यावा, असे अनेक इंजिनांच्या पुस्तिकेत बजावलेले असते. माझा पाइप सरळ आणि त्याचे टोक निर्व्रण होते म्हणून मी जुनाच वापरायचे ठरवले. या काटकसरीवर नंतर मला थोडा वेळ घाम फुटला.

काम रविवारी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर सुरू केले. पोर्च दोन बाजूंनी उघडा आहे, पण स्वयंपाकघराची खिडकी त्यातच उघडते आणि तुळशीवृंदावन बॉनेटपासून आठ फुटांवर आहे. म्हणून आदल्या रात्रीच आईला सांगितले की, उद्या मी सांगेपर्यंत तुळशीपुढे दिवा लावायचा नाही आणि खिडकी बंद ठेवायची. तिने दिवा सकाळी आत देवघरात लावला आणि दार ओढून घेतले. अग्निशामक सिलिंडर हाताशी होता, डोळ्यांवर चष्मा होता.

पहिले काम दाब उतरवण्याचे. टाकीतल्या पंपाचा फ्यूज काढला आणि इंजिन सुरू केले. ते काही सेकंद चालले, अडखळले आणि बंद पडले. स्कॅनरवर रेलचा दाब ६ बार दिसल्यावरच मी १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण शंभर बारहून अधिक दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरू शकते आणि जखम वरून टाचणीएवढीच दिसते, त्यामुळे या पायरीवर घाई करण्यात शहाणपण नाही.

इंजिनचे झाकण आणि आड येणारा हवेचा पाइप काढल्यावर पंप समोर आला: मुठीएवढा, चंदेरी, बाजूला विजेचा कपलर असलेला. कपलरची प्लास्टिकची कळ तेरा वर्षांच्या उष्णतेने कडक झाली होती, म्हणून तिच्यावर जोर न देता ती बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचलली. पंपाभोवती साचलेली धूळ आधी ब्रशने आणि मग क्लीनर फवारून काढली. उघडलेल्या पेट्रोलच्या वाटेत रेतीचा एक कण गेला तरी तो थेट इंजेक्टरच्या तोंडाशी पोहोचतो. मग उच्च दाबाचा पाइप पंपाला जोडणाऱ्या युनियन नटाभोवती कापड गुंडाळून, पंपाच्या बाजूचा षट्कोन दुसऱ्या पान्याने धरून, १७ नंबरच्या लाइन पान्याने नट पाव फेरा सैल केला. हलका फुस्स आवाज आला आणि कापडावर रुपयाएवढा डाग पडला. तेवढाच.

पंपाचे तीन बोल्ट मात्र एकेक करून पूर्ण काढायचे नसतात. आतली स्प्रिंग पंपाला सतत बाहेर ढकलत असते. एक बोल्ट पूर्ण काढून दुसऱ्याकडे गेलो, तर पंप तिरका होऊन राहिलेल्या बोल्टचे आटे खातो. म्हणून प्रत्येकाला अर्धा-अर्धा फेरा देत, तिघांची पाळी लावत मी पंप वर येऊ दिला. तो निघाल्यावर पहिल्यांदा नाकाला जाणवला तोच डिपस्टिकचा वास, पण दसपट. टॅपेटच्या विहिरीत ऑइलऐवजी पेट्रोलचे पातळ पाणी साचले होते. जुना पंप फळीवर उलटा धरून प्लंजर अंगठ्याने जोर देऊन दाबला, तेव्हा त्याच्या दांड्याभोवती पेट्रोलचे कडे घामासारखे फुटले. नवा पंप तसाच दाबून पाहिला. तो कोरडा राहिला. दोन आठवड्यांच्या मोजमापाला इतका सरळ दुजोरा मिळेल, अशी अपेक्षा नव्हती.

टॅपेट बोटाने ओढून बाहेर घेतला आणि रोलर फिरवून पाहिला. त्यावर ओरखडे नव्हते आणि तो खरखरत नव्हता, म्हणून ऑइल लावून, रोलर कॅमच्या दिशेला सरळ ठेवून परत बसवला. आता कॅमचा उंचवटा खाली असणे इष्ट होते, म्हणजे नवा पंप स्प्रिंगशी न झगडता बसतो. त्यासाठी टॅपेटवर एक पेन्सिल उभी टेकवली, गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली आणि भावाला मागून हळूहळू पुढे ढकलायला सांगितले. वीतभर गाडी सरकली की पेन्सिल काही मिलिमीटर वर चढे आणि पुन्हा खाली येई. ती सर्वांत खाली असताना हँडब्रेक ओढला.

नव्या ओ-रिंगला ऑइलचा हात फिरवून पंप बसवला आणि पुन्हा तिघांच्या पाळीनेच बोल्ट आवळले. याच वेळी, ज्यांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर चाळीस वर्षे काढली ते शेजारचे काका फाटकापाशी येऊन उभे राहिले. मी पाइपाच्या नटाला पाना लावणार, एवढ्यात ते म्हणाले, "पाना नंतर. आधी दोन्ही टोकाला हातानं आटं धरू देत." त्यांचे ऐकले. पाइपाची दोन्ही टोके सैल ठेवून नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवले आणि मगच टॉर्क रेंच लावला. टॉर्कचा आकडा इथे मुद्दाम देत नाही, कारण एकाच घराण्यातल्या दोन इंजिनांचे आकडेही वेगळे असतात. तो आपल्या इंजिन क्रमांकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

इंजिन सुरू करण्याआधी ऑइल बदलले. आधीच्या वेळी भरलेल्यापेक्षा जवळजवळ अर्धा लिटर जास्त द्रव बाहेर आला. असले पातळ ऑइल टर्बोच्या बेअरिंगला कितपत पुरेल याचा विचार करत मी फिल्टरही नवा लावला. मग बॅटरी जोडली, फ्यूज बसवला आणि तीन-चार वेळा नुसती किल्ली चालू-बंद केली, म्हणजे कोरड्या पंपात पेट्रोल भरते. पाचव्या वेळी स्टार्टर फिरवला. तो लांब फिरला, इंजिन खोकले आणि चालू झाले.

टॉर्चच्या उजेडात युनियन नटाच्या कडेला एक चकाकी दिसली. हात न लावता पुठ्ठ्याचा तुकडा जवळ धरला, तर त्यावर ओला ठिपका उमटला. इंजिन तत्काळ बंद केले. फ्यूज काढला, इंजिन निवू दिले, स्कॅनरवर दाब उतरलेला पाहिला आणि बॅटरी सोडवून तासाभराने नट पुन्हा उघडला. पाइपाच्या गोल टोकावर, नेमका बसण्याच्या जागी, बोटाच्या पेराएवढा पांढरा धागा चिकटलेला होता. कारखान्यातल्या सवयीने मी शेवटचा हात कॉटन वेस्टने फिरवला होता. काकांनी धाग्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले, आणि ते काही बोलले नाहीत, हे जास्त लागले. टोकावर व्रण नव्हता, त्यामुळे धागे न सोडणाऱ्या कापडाने दोन्ही बाजू पुसून पाइप पुन्हा जोडला. या वेळी पुठ्ठा पंधरा मिनिटे कोरडा राहिला. पुन्हा हे काम करायची वेळ आली तर पाइप नवाच घेईन.

कोड पुसून संध्याकाळी पन्हाळ्याच्या त्याच चढावर गेलो. भाऊ चालवत होता आणि स्कॅनर माझ्या मांडीवर होता. मागणीचा आणि प्रत्यक्ष दाबाचा आकडा एकमेकांना चिकटून चढत १२० बारच्या पुढे गेले. गरम इंजिनाचे स्टार्टिंग वर वाहनतळावर दोनदा तपासले आणि दोन्ही वेळा ते अर्ध्या फेऱ्यात लागले. तेव्हापासून ६०० किलोमीटर झाले आहेत. दर रविवारी डिपस्टिक काढून पातळी पाहतो आणि मग, घरचे हसतात तरी, तिचा वास घेतो. पातळी ऑइल भरताना होती त्याच खुणेवर आहे, आणि वास फक्त ऑइलचा येतो.