आमची वाटचाल: अमळनेरचे बिबडे

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड; त्यांचा धंदा उन्हाच्या भरवशावर चालतो. ज्वारी भिजत घालायची, रोज पाणी बदलायचं, वाळवून भरडायची. लसूण, तीळ, मिरची घालून घाटा शिजवायचा आणि गच्चीवर ओल्या धोतरावर थापायचा. अवकाळीची एक सर आली की माल गेला.

उद्योग सासूबाईंचा. सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात आमचं दुकान लागायचं. २०२० च्या मार्चअखेर, ऐन हंगामाच्या तोंडावर, टाळेबंदी आली. थापायला येणाऱ्या बाया घरी बसल्या. पुढच्या वर्षी कोरोनात हे गेले.

"मन घट्ट कर" असं येणारा-जाणारा सांगायचा. कसं करायचं ते कोणी सांगेना. सासूबाईंचा तर मुलगा गेला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "रडी ले पोरी, मंग कामले लाग." रडायला मुभा मिळाली, तेच मोठं होतं. उधारीची वही उघडायला माझा हात धजत नव्हता; नणंदबाईंनी ती आपल्याकडे घेतली, दुकानदारांना फोनही त्यांनीच केले. माझ्याकडे एकच काम ठेवलं: सकाळी ज्वारीचं पाणी बदलायचं. मन नसलं तरी उठावं लागे, कारण पाणी तसंच राहिलं की ज्वारीला वास मारतो.

झोप मात्र परतेना. टेलि-मानस, म्हणजे मनाच्या त्रासात फोनवर मदत करणारी सरकारी सेवा, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, तेव्हा मुलीने १४४१६ लावून फोन माझ्या हातात दिला. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. पलीकडच्या ताईंनी उपदेश केला नाही. जेवता कधी, झोपता कधी, बोलता कोणाशी, एवढंच विचारलं. सांगता सांगता लक्षात आलं, घाट्याच्या पातेल्याखेरीज मी दिवसचे दिवस कोणाशी बोललेच नव्हते. तेव्हापासून दुपारचा डबा बायांच्या पंगतीत. त्यातल्या एकीचं घर पुरात गेलेलं, दुसरीचा नवरा दारुडा. हसतात मात्र माझ्यापेक्षा जास्त.

केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान मिळालं. बँकेच्या चकरा मारून सोलर ड्रायर घेतला, आता अवकाळीची धास्ती कमी. पण जुनी गिऱ्हाइकं चवीवरून ओळखतात म्हणे, म्हणून निम्मा माल अजून गच्चीवरच वाळतो. मला तर फरक कळत नाही; सासूबाईंना कळतो.