जखमेवर ड्रेसिंग नुसतं झाकायला नसतं

जखम उघडी ठेव, वारं लागू दे, खपली धरू दे, हे आपण सगळेच ऐकत आलोय. पण १९६२ मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की प्लास्टिकच्या पातळ फिल्मखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने येते, कारण पेशींना सरकायला ओलावा लागतो आणि खपली आली की त्यांना तिच्या खालून वाट काढत जावं लागतं. शिवाय सुकलेलं गॉज ओढून काढताना नुकतंच आलेलं लाल मांसही सोबत निघतं, ते बघवत नाही.

मी बायोमटेरियल ड्रेसिंगवर, म्हणजे शरीराशी जुळवून घेणाऱ्या पदार्थांपासून बनवलेल्या ड्रेसिंगवर, काम करते आणि अल्जिनेट मला अजूनही भारी वाटतं. समुद्री शेवाळापासून काढलेले कोरडे पांढरे धागे, जखमेतून झिरपणारं पाणी म्हणजे लस लागली की धाग्यातलं कॅल्शियम बाहेर, लसेतलं सोडियम आत आणि बघता बघता त्याचं मऊ जेल होतं, धुतलं तरी निघतं. कायटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचातून येतं, त्यावर पॉझिटिव्ह चार्ज असतो म्हणून रक्तपेशी त्याला चिकटतात आणि रक्त थांबायला मदत होते.

खरी अडचण डायबेटिसच्या पायाच्या जखमेत येते. ती सूज येण्याच्या टप्प्यातच अडकते, एन्झाइम्स इतकी वाढतात की शरीराने बनवलेलं नवं कोलॅजन (त्वचेला आधार देणारं प्रोटीन) आणि ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायचा इशारा देणारी प्रोटीन्स) दोन्ही खाऊन टाकतात, मग वरून महागडा ग्रोथ फॅक्टर ओतला तरी तो किती टिकणार? म्हणून कोलॅजनचं ड्रेसिंग ठेवतात, एन्झाइम्स आधी ते खात बसतात आणि जखमेला जरा उसंत मिळते. अर्थात शुगर, रक्तपुरवठा आणि पायावरचा भार सांभाळला नाही तर कुठलंच ड्रेसिंग पुरं पडत नाही, हे पेशंटला स्पष्ट सांगायलाच हवं.

मटेरियल विरघळायचा वेग जमवणं सगळ्यात किचकट, लवकर विरघळलं तर पेशींना आधार राहत नाही, उशीर झाला तर शरीर त्याला परकं समजून सूज वाढवतं. ड्रेसिंगमध्ये घातलेल्या सिल्व्हरचंही तसंच, बॅक्टेरिया मरतात पण डोस चुकला की आपल्याच पेशी मरतात.

आणि उंदरांवरचे रिझल्ट जपून वाचा. उंदराची जखम मुख्यतः कातडी आकसून बंद होते, माणसात नवं मांस भरून वर त्वचा यावी लागते, म्हणून प्रयोगात उंदराच्या जखमेच्या कडेला रिंग शिवून ते आकसणं रोखतात. रिंगशिवाय केलेल्या प्रयोगात जखम झटपट भरली असं कुणी लिहिलं तर त्यातलं श्रेय मी लगेच ड्रेसिंगला देत नाही.