वहीची डावी बाजू

आईबापाजवळ राहू न शकणाऱ्या मुलांना भेटायला जाणारा आमचा एक गट आहे. परवाच्या रविवारी त्याच्या बैठकीत एका नवीन ताईने तिचा पहिला रिपोर्ट वाचून दाखवला. "घर अस्वच्छ. मामीचं मुलीकडे लक्ष नाही. मुलगी दबलेली वाटते." बस, एवढंच. मी विचारलं तू पाहिलं काय, तर म्हणे मॅडम तेच तर लिहिलंय. म्हटलं नाही, दारात चप्पल काढली तिथून सुरू कर. मग हळूहळू निघालं की मोरीपाशी भांड्यांचा ढीग होता, पाण्याचं पिंप तळाला गेलेलं होतं, मामी कळण्याची भाकर थापत होती आणि मुलगी तिच्या पाठीला पाठ टेकवून गृहपाठ करत बसली होती. नळ किती दिवसांनी येतो गं तिथे? आठ दिवसांनी. कोणीच काही बोललं नाही मग. मे महिन्यात अमळनेर-पारोळ्याकडे आठ दिवसांच्या पाण्यात घर चालवणाऱ्या बाईच्या मोरीत भांडी साचणारच, आणि जी पोरगी मामीला टेकून अभ्यास करते तिला दबलेली कोणत्या तोंडाने म्हणायचं.

तिला रागावले नाही मी, सगळ्यांचं पहिल्यांदा असंच होतं. पण हा तीन वाक्यांचा कागद जर तसाच पुढे गेला असता तर त्या मुलीच्या फाईलला कायमचा चिकटला असता, म्हणून मला ही वही एवढी महत्त्वाची वाटते. आमच्याकडे प्रत्येकाला दोनशे पानी वही देतो, डाव्या पानावर पाहिलेलं आणि ऐकलेलं, उजव्या पानावर आपल्याला वाटलेलं. डावं पान भरल्याशिवाय उजव्याला हात लावायचा नाही.

आम्ही अकरा जण आहोत. कोणी रिटायर शिक्षिका, कोणी एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्य शिकणाऱ्या मुली, एक दादा एसटीत कंडक्टर होते. बालकल्याण समितीची (अशा मुलांनी कुठे राहायचं ते हीच ठरवते) आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाची परवानगी घेऊन आम्ही अशा मुलांना भेटतो जी आईबापाजवळ राहू शकत नाहीत, कोणी बालसंगोपन योजनेत मामा-काकाकडे, आजीकडे असतात, कोणी प्रतिपालकत्वात म्हणजे रक्ताचं नातं नसलेल्या घरी. बालसंगोपनचे पैसे आधी महिन्याला 1100 होते ते 2023 मध्ये 2250 झाले, केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये 4000 आहेत. पैसे लागतातच, आजीला तर फारच लागतात, पण पैसा खात्यात जमा झाला म्हणजे पोरगं कसं आहे ते कळत नाही. बाल न्याय कायदा 2015 चा आहे, त्यात कलम 44 मध्ये समितीला प्रतिपालक कुटुंबाची दर महिन्याला पाहणी करायला सांगितलंय, पण समितीत अध्यक्ष धरून पाच माणसं, त्यांच्यापुढे रोज नवीन मुलं येतात, पळून आलेली, टाकून दिलेली, बालविवाहातून सोडवलेली, त्यांनी कुठे कुठे पुरायचं. तिथे एक माणूस हवा जो त्या एकाच पोराकडे परत परत जातो.

ही कल्पना अमेरिकेतली. सिएटलला डेव्हिड सूकप नावाचे न्यायाधीश होते, मुलांबद्दल निकाल द्यायचा पण पुरती माहितीच समोर नाही याने त्यांची झोप उडायची, म्हणून 1977 मध्ये त्यांनी साध्या नागरिकांना ट्रेनिंग देऊन मुलांच्या बाजूने बोलायला उभं केलं. त्यांच्याकडे स्वयंसेवकाला मूल देण्याआधी 30 तास शिकवतात. आपल्या कायद्यात असं पद नाही, त्यामुळे आम्ही समितीपुढे वकिलासारखे उभे राहत नाही, लिहून देतो आणि विचारलं तर सांगतो. तो 30 तासांचा आकडा मात्र मी धरून ठेवलाय, पाच रविवार सहा सहा तास.

आता त्या कंडक्टर दादांबद्दल सांगते. चोपड्याकडे एका प्रतिपालक घरी नऊ वर्षांचा मुलगा आहे (गाव सांगत नाही, बाकीचंही थोडं बदललंय). त्याच्याकडे आधी आमची एक मुलगी जायची, फार गुणी, पण तीन भेटी झाल्या तरी पोरगं तोंड उघडेना. तिने डाव्या पानावर खरं खरं लिहिलं, "बोलला नाही. दोरीशी खेळत होता." चौथ्या वेळी तिच्यासोबत दादांना पाठवलं. दादा ओट्यावर बसले, खिशातून शेंगदाणे काढले आणि नुसतं विचारलं, "तू जेवना का रे?" अहिराणी ऐकल्यावर त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. शेंगदाणे संपेपर्यंत काहीच नाही. मग म्हणाला, "मन्ही बहीन कोठे शे?"

बहीण दुसऱ्या गावी मुलींच्या बालगृहात होती. फाईलमध्ये तिचा उल्लेख होता, म्हणजे लपवलं कोणीच नव्हतं, पण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, त्याला वाटत होतं ती हरवली. दादांनी वहीत ते वाक्य जसंच्या तसं अहिराणीत लिहिलं आणि मी समितीला द्यायच्या कागदातही ते तसंच ठेवलं, खाली मराठीत अर्थ दिला. कोणी म्हणेल प्रमाण मराठीत लिहायचं ना सरकारी कागदावर. पण मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायचं हे कायद्याच्या तत्त्वांमध्येच आहे, आणि ते म्हणणं त्याच्या भाषेत आहे. भावंडांना शक्यतो एकाच प्रतिपालक घरी ठेवायचा प्रयत्न करावा हेही त्याच कलम 44 मध्ये आहे, तेही जोडलं. समितीने महिन्यातून एकदा भेट घालून द्यायला सांगितलं. पहिल्या भेटीत बहीण त्याच्यावर रागावली, किती वाळलास म्हणून, आणि हा नुसता तिची ओढणी धरून बसला.

आमच्या त्या मुलीला मात्र त्या दिवशी रडू आलं, मला नाही बोलला आणि दादांना एका वाक्यात बोलला. तिला समजवायला मला जास्त वेळ लागला. तिच्या तीन भेटी झाल्या नसत्या तर चौथ्या वेळी पोरगं ओट्यावर आलंच नसतं, हे मी तिला बरं वाटावं म्हणून सांगत नव्हते, मला खरंच तसं वाटतं. अहिराणी तिच्या आजीला येते, तिला येत नाही. आता ती आजीकडून शिकतेय.

फोटोचं मी प्रत्येक ट्रेनिंगला सांगते तरी एकदा झालंच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एका दादाने झोक्यावरच्या मुलीसोबतचा सेल्फी स्टेटसला टाकला, प्रेमानेच टाकला. कलम 74 प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो बाहेर जाऊ देणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मी त्याला दंड नंतर सांगितला, आधी एवढंच विचारलं की ज्या बापाला तिच्यापासून लांब ठेवलंय त्याच्या मोबाईलवर हे स्टेटस पोचलं तर? त्याने माझ्यासमोर डिलीट केलं आणि आता नवीन लोकांना ही गोष्ट तोच सांगतो.

आणि एक चूक माझी, ती लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. सुरुवातीच्या काळात एक ताई होती, पाचोऱ्याकडून यायची, फार मनापासून काम करायची. तिच्याकडच्या मुलीने तिला काहीतरी फार वाईट सांगितलं. ताईने नियमाप्रमाणे त्याच दिवशी 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवलं, मुलीला त्या घरातून हलवलं, सगळं बरोबर झालं. मी कागदपत्रांत गुंतले, मुलगी सुरक्षित आहे म्हणून निश्चिंत झाले आणि त्या ताईला तीन आठवडे फोनच केला नाही. ती ते ऐकलेलं घेऊन एकटी घरी बसली होती, स्वयंपाक करत होती, रात्री झोपत नव्हती. नंतर तिने वही आणून दिली आणि "ताई, माझ्याच्याने होणार नाही" एवढं बोलून गेली. तिची वही अजून माझ्या कपाटात आहे, उजवी पानं सगळी कोरी. वाटलेलं तिने कोणाला सांगितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून भेट झाली की त्याच संध्याकाळी मी फोन करते. रिपोर्टचं विचारत नाही, जेवलात का विचारते, मग आज काय जड गेलं ते. कोणी दोन मिनिटं बोलतं, कोणी तासभर. कोणाला मुलाला काहीतरी कबूल करून टाकल्याची टोचणी असते, मी तुला आईकडे नेईन वगैरे, मग पुढच्या भेटीत ते कसं परत घ्यायचं ते आम्ही बोलून बोलून ठरवतो, शब्द न् शब्द. फार जड असेल तर पुढच्या भेटीला मी सोबत जाते.

बहीण-भाऊ अजून दोन ठिकाणीच आहेत. दोघांना घेईल असं घर कक्ष शोधतोय, शिरपूरकडचं एक कुटुंब तयार आहे, त्यांची गृहचौकशी व्हायचीय. मुलगा दर भेटीला दादांना विचारतो किती दिवस राहिले, आणि दादा त्याला तारीख देत नाहीत, इथपर्यंत झालंय तेवढंच सांगतात. गुरुवारी ते परत जाणार आहेत, सकाळच्या चोपडा गाडीने. सातला माझा फोन जाईल.